पळवाट सापडली म्हणून वापरायचीच का? डी अँड डीच्या टेबलवरचा वाद

वीसपैलू
नमस्कार मंडळी. इथे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणारे बरेच आयडी आहेत, म्हणून विचारतो.

आमचा पुण्यातला ग्रुप, डीएम (म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा) मी, खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स ऊर्फ डी अँड डी, फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं. एका भिडूचा वॉरलॉक (जादूगारांचा एक क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) मागच्या सेशनला धारातीर्थी पडला. आता नवीन कॅरेक्टर म्हणून तो जे घेऊन आलाय त्याला जगभर 'कॉफीलॉक' म्हणतात.

माहीत नसलेल्यांसाठी: वॉरलॉकचे स्पेल स्लॉट (एक मंत्र टाकला की एक खर्च) तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतर परत भरतात. सॉर्सरर या दुसऱ्या जादूगार क्लासला स्लॉट मोडून सॉर्सरी पॉइंट करता येतात आणि पॉइंट मोडून पुन्हा स्लॉट. असे बनवलेले जादा स्लॉट लाँग रेस्ट, म्हणजे आठ तासांची विश्रांती, संपली की जातात. दोन्ही क्लास एकाच कॅरेक्टरमध्ये घेतले की गडी लाँग रेस्ट घेतच नाही. बाकीची पार्टी आठ तास घोरत असताना हा ओळीने आठ शॉर्ट रेस्ट घेतो. वॉरलॉक ३ आणि सॉर्सरर ४ असेल, तर एका रात्रीत पहिल्या लेव्हलचे १६ जादा स्लॉट. नुसत्या सातव्या लेव्हलच्या सॉर्सररकडे पहिल्या लेव्हलचे सगळे मिळून ४ असतात. पुढच्या रात्री आणखी १६. साठा वाढतच जातो.

प्लेअर्स हँडबुक हे मूळ नियमपुस्तक उघडून ओळ न ओळ तपासली. नियमाला धरूनच आहे सगळं. आता मी काय करू? सरळ 'नाही' म्हणू, खेळू देऊ, की खेळातच त्याला धडा शिकवू?

कोकणी_कोबोल्ड
रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी काम करणारा माणूस म्हणजे पळवाट? मग आमच्या आयटीतल्या निम्म्या लोकांना बॅन करा.

मधली_सुट्टी
'झानाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' (२०१७) बघितलंत का? त्यात जागरणाचा नियम आहे. लाँग रेस्टशिवाय २४ तास गेले की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे तग धरण्याचा फासा, डीसी १० (किमान एवढी बेरीज हवी). पुढच्या प्रत्येक २४ तासांनी डीसी ५ ने चढत जातो. सेव्ह चुकला की एग्झॉशनची (थकव्याची) एक लेव्हल, आणि सहाव्या लेव्हलला मृत्यू. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर तुमचा कॉफीलॉक धापा टाकायला लागेल.

अर्थात त्या पुस्तकातले नियम घ्यायचे की नाही ही डीएमची मर्जी. शिवाय ग्रेटर रिस्टोरेशन या स्पेलने एग्झॉशनची एक लेव्हल उतरते, फक्त दर वेळी १०० गोल्डची हिऱ्याची पूड लागते. त्याने त्याचाही हिशेब मांडून ठेवला असेल, बघा विचारून.

वीसपैलू
मांडलाय. एक्सेलमध्ये.

कोकणी_कोबोल्ड
दंडवत घ्या माझा त्या माणसाला.

अनघड
मी यातलं काही खेळलेली नाही, पण धागा वाचतेय. हे नक्की असतं काय? व्यापार किंवा सापशिडीसारखं पटावर? आणि नियम छापलेले असताना पळवाट राहतेच कशी?

जुना_खेळिया
अनघड, पट असलाच तर नावापुरता. एक जण डीएम. तो जग सांगतो: इथे गुहा आहे, आत उजेड नाही, कुजका वास येतोय. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात आणि आपण काय करतो ते बोलतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासा, बहुतेकदा वीस बाजूंचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिली आवृत्ती काढली, ती युद्धपटाच्या खेळांतून निघाली होती.

पळवाट यामुळे राहते की सापशिडीत माणूस फासा टाकण्यापलीकडे काहीच करू शकत नाही, आणि इथे त्याला वाटेल ते करता येतं. 'वाटेल ते' नियमात बसवायला कितीही जाड पुस्तक छापा, पुरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पळवाट हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना लावतोय. 'टूम ऑफ हॉरर्स' हे गायगॅक्सचं कुप्रसिद्ध साहस १९७५ च्या ओरिजिन्स स्पर्धेसाठी लिहिलेलं, छापून आलं १९७८ मध्ये. पावलापावलावर मरण. रॉब कुंट्झच्या रॉबिलार या पात्राने त्यात काय केलं? स्वतः न मरता आपल्या पदरचे ऑर्क (राक्षसी सैनिक) पुढे पाठवले. ते मेले की सापळा कुठे आहे ते कळलं. शेवटी माल उचलून हा बाहेर. नीच काम आहे, पण त्या जगात शिरून, त्या जगातल्या वस्तू वापरून केलेलं आहे. याला मी खेळ म्हणतो. कॉफीलॉक मात्र जगात शिरतच नाही. तो पान १०१ आणि पान १०७ यांच्या मधल्या फटीत राहतो.

मधली_सुट्टी
जुना_खेळिया, ऑर्कांच्या जिवावर उदार होणं म्हणजे खेळ आणि आम्ही पुस्तक नीट वाचलं तर आम्ही फटीत राहणारे? निषेध.

आणि फरक इतका स्वच्छ नाहीये. शिडीचं उदाहरण घ्या. ३.५ आवृत्तीत (२००३) दहा फुटी शिडीची किंमत ५ कॉपर (तांब्याची नाणी). दहा फुटी काठीची किंमत २ सिल्व्हर, म्हणजे २० कॉपर. शिडी घ्या, पायऱ्या काढून टाका, दोन काठ्या झाल्या. अर्ध्या किमतीला विकल्या तरी ५ चे २० होतात. आता बोला, हे जगात शिरून आहे की पुस्तकात? शिडी खरी, करवत खरी, बाजार खरा.

रच्याकने, २०१४ च्या फाइव्ह ई (फिफ्थ एडिशन) मध्ये शिडी १ सिल्व्हर आणि काठी ५ कॉपर केली आहे. दोन काठ्या म्हणजे बरोबर एक शिडी. पायऱ्या फुकट.

कोकणी_कोबोल्ड
हहपुवा. पायऱ्यांचा जीएसटी कोण भरणार?

न्यूजर्सीकर
इथे एडिसनला आमचा मराठी-गुजराती मिश्र ग्रुप आहे. पळवाटींचा राजा म्हणजे 'पेझंट रेलगन'. ३.५ च्या काळातली कल्पना आहे, आजही दर नवीन भिडू आपणच शोधल्यासारखी सांगतो.

एक राउंड म्हणजे सहा सेकंद. त्यात रेडी ॲक्शन घेता येते, म्हणजे 'अमुक झालं की मी तमुक करीन'. २,२८० शेतमजूर ओळीत उभे करायचे, प्रत्येकाला पाच फुटांचा चौकोन. प्रत्येक जण ठरवतो की भाला हातात आला की पुढच्याला देईन. सगळ्यांच्या रेडी ॲक्शन एकाच राउंडमध्ये होतात. म्हणजे भाला सहा सेकंदांत ११,४०० फूट, साधारण साडेतीन किलोमीटर गेला. वेग काढा: सेकंदाला ५८० मीटरच्या आसपास. ध्वनीच्या दीडपटीहून जास्त. शेवटचा मजूर फेकतो आणि ड्रॅगनच्या चिंधड्या!

मधली_सुट्टी
आणि इथेच ती फसते. नियमांवर विश्वास असेल तर शेवटपर्यंत ठेवा. नियमांत संवेग नावाची गोष्टच नाही. भाला साडेतीन किलोमीटर आला काय किंवा शेजारून आला काय, शेवटचा मजूर फेकणार आणि भाल्याचं जेवढं नुकसान छापलंय तेवढंच होणार, एक सहा बाजूंचा फासा. उलट भौतिकशास्त्र लावायचं असेल तर सुरुवातीपासून लावा. दोन हजार माणसं सहा सेकंदांत भाला पुढे सरकवूच शकत नाहीत. रेलगनवाला अर्ध्या वाटेपर्यंत नियमाचा हात धरतो आणि पुढे न्यूटनचा. माझा आक्षेप पळवाटीला नाही, या गाडी बदलण्याला आहे.

पन-पन बघा, त्यात असली लबाडी नाही. ३.५ मधला एक कोबोल्ड, म्हणजे खुजा सरड्यासारखा प्राणी. फॉरगॉटन रेल्म्सच्या २००४ च्या एका पुस्तकात सारुख नावाचे सर्पवंशी प्राणी आहेत, त्यांना इतर खवलेवाल्यांच्या शरीरात बदल करून नव्या शक्ती देता येतात. ती शक्ती कोबोल्डने मिळवायची, आपल्या पाळीव प्राण्याला द्यायची, त्याच्याकडून उलट स्वतःवर वापरून घ्यायची. ताकद, बुद्धी, सगळं अनंत. पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त छापील मजकूर. कोणी तो टेबलवर खेळत नाही. बुद्धिबळात कूटप्रश्न रचतात, ते सामन्यात वापरण्यासाठी नसतात, तसंच हे.

कोकणी_कोबोल्ड
अखेर आमच्या समाजाची दखल घेतली गेली.

दुसरी_घंटा
कूटप्रश्न घरी सोडवा हो, माझी तक्रार नाही. टेबलवर आणता तेव्हा शेजारी आम्ही बसलेलो असतो.

मुंबईच्या एका ग्रुपमध्ये मी रोग (rogue, चोरट्या चालीचा क्लास) खेळत होते. आमच्यातला ड्रुइड दर भांडणात कन्जुर ॲनिमल्स हे प्राणी बोलावण्याचं स्पेल टाकून आठ लांडगे आणायचा. आठ लांडग्यांचे हल्ले, प्रत्येकाला पॅक टॅक्टिक्स, म्हणजे दोन-दोन फासे. त्याची पाळी संपेपर्यंत मी चहा करून यायचे. माझी पाळी एका वाक्याची. लांडगे पुरून उरतात म्हटल्यावर डीएमने राक्षस वाढवले. ते वाढीव राक्षस लांडग्यांना मारत होते का? नाही, मला. पळवाट त्याची, हिशेब माझ्या हिट पॉइंटमधून (म्हणजे जिवातून).

वैताग असा की २०१४ चं ते स्पेल नीट वाचलं तर किती प्राणी ते जादूगार ठरवतो, पण कोणते येणार हे डीएमच्या हातात आहे. गेम काढणाऱ्या कंपनीच्या 'सेज ॲडव्हाइस' या नियमखुलाशांमध्ये तसं स्पष्ट केलंय. डीएमने ते वाचलंच नव्हतं. आठ लांडग्यांऐवजी आठ बकऱ्या दिल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. अर्ध्याअधिक 'पळवाटा' अशाच, अर्धवट वाचनातून आलेल्या.

वीसपैलू, तुम्ही तुमचं आणि त्या भिडूचंच बोलताय. पार्टीतल्या बाकीच्यांना विचारलंत?

निवांत_पाटील
+१. शेवटच्या ओळीला तर +१००.

जुना_खेळिया
दुसरी_घंटा, बकऱ्यांना अनुमोदन.

मधली_सुट्टी, शिडीवर मी निरुत्तर आहे. पण डीएम म्हणून मी काय करीन ते सांगतो. पहिल्या खेपेला पैसे देईन. दुसऱ्या खेपेला गावातला सुतार विचारेल, 'भाऊ, एवढ्या काठ्यांचं करू काय?' गिऱ्हाईकच नाही तर भाव कुठला. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हे आता छापूनच टाकलंय: खेळाचे नियम म्हणजे अर्थशास्त्र नाही, आणि भौतिकशास्त्रही नाही. रेलगनचा तर नाव न घेता उल्लेख आहे, की साध्या माणसांच्या रांगेने रेडी ॲक्शन वापरून भाला प्रकाशाच्या वेगाला पोचवला असले युक्तिवाद ऐकून घेऊ नका. पळवाटीचं भाग्य बघा, अधिकृत पुस्तकात शिरली.

अनघड
मला हे वाचताना सारखा हिरण्यकश्यपू आठवतोय. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणूस नाही, पशू नाही. वर मागताना त्यानेही एक्सेलच केलं असणार.

कोकणी_कोबोल्ड
अनघड, मोडलात धागा! एका वाक्यात. आणि नृसिंह म्हणजे चिडलेला डीएम. उंबरठा, तिन्हीसांज, मांडी, नखं. 'तुझं कॅरेक्टर शीट दाखव रे जरा.'

दुसरी_घंटा
हसले, पण वीसपैलूंच्या तिसऱ्या पर्यायाचं हेच होतं. 'खेळातच धडा शिकवतो' म्हणणारा डीएम एका माणसासाठी खांब फोडतो आणि बाकीचे चौघे छत अंगावर घेतात. बोलून मिटण्यासारखं असेल तर नृसिंहाला बोलवू नका.

न्यूजर्सीकर
इथल्या दुकानांतून ॲडव्हेंचरर्स लीगचे खेळ होतात. टेबल अनोळखी, डीएम दर वेळी वेगळा, त्यामुळे प्रत्येकाचे घरगुती नियम चालवून घेता येत नाहीत. मग कितीतरी वर्षं त्यांनी एकच बांध घातला होता: प्लेअर्स हँडबुक अधिक कुठलंही एकच पुस्तक. पन-पनसारखे राक्षस पाच पुस्तकांच्या सांध्यात जन्मतात, तो सांधाच तोडला.

अजून एक आवडलेला उपाय. सुपरहिरोंच्या हीरो सिस्टिममध्ये पॉइंट देऊन शक्ती विकत घ्यायच्या असतात. काही शक्तींपुढे भिंगाचं चिन्ह छापलेलं असतं आणि काहींपुढे चक्क रस्त्यावरच्या थांबा पाटीचं. म्हणजे लिहिणारेच सांगतात की बाबा, ही शक्ती खेळ बिघडवू शकते, आधी बघून घे. प्रामाणिक माणसं.

मधली_सुट्टी
बांध छान आहे, पण इथे कामाचा नाही. कॉफीलॉकचे दोन्ही क्लास हँडबुकमध्येच आहेत. उलट त्याला आवर घालणारा जागरणाचा नियम दुसऱ्या पुस्तकात. एका पुस्तकाच्या बांधात तो आणखी सुखाने जगेल.

निवांत_पाटील
पळवाटीवरून आठवलं. १९४७ ला सिडनीत विनू मंकड यांनी बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला बाद केलं तेव्हा केवढा गहजब झाला, आणि खुद्द ब्रॅडमननी मंकड यांची बाजू घेतली. नियमात होतं, केलं. २०२२ ला एमसीसीने तो नियम 'अनफेअर प्ले'मधून काढून सरळ धावबादमध्ये टाकला. पंचाहत्तर वर्षं लागली.

जुना_खेळिया
पाटील, मग १९८१ चा ट्रेव्हर चॅपेलचा सरपटी चेंडूही नियमातच होता. त्याला टाळ्या वाजवाल?

निवांत_पाटील
दोन्हींत फरक आहे. ब्राउन आधी क्रीज सोडत होता, मॅकेक्नी बिचारा जागेवर उभा

संपादक
क्रिकेटसाठी वेगळा धागा काढावा.

उशिरा_लतीफ
नवीन आयडी आहे, सांभाळून घ्या. एक्सेलवाला तो मीच. लिंक वीसपैलूनेच पाठवली.

माझी बाजू. मेलेला वॉरलॉक का मेला विचारा त्याला. २०१४ चं डीएमचं पुस्तक धरून चालतं की पार्टी एका दिवसात मध्यम-कठीण सहा ते आठ भांडणं झेलेल, आणि मध्ये दोनदा शॉर्ट रेस्ट मिळेल. वॉरलॉकचे दोनच स्लॉट त्या हिशेबाने ठेवलेत. आमचे वीसपैलू भांडणं पुस्तकाबरहुकूम देतात, पण शॉर्ट रेस्ट घ्यायला बसलं की गस्त येते, छत कोसळतं, नाहीतर कोणीतरी किंचाळतं. दुसऱ्या भांडणानंतर मी रिकामा. पुढे रात्रीपर्यंत बिनस्लॉटचा एल्ड्रिच ब्लास्ट, एल्ड्रिच ब्लास्ट, एल्ड्रिच ब्लास्ट. क्लेरिक आणि विझार्ड या क्लासना हा त्रास नाही, त्यांचा साठा मुळात दिवसभराचा असतो.

मला १६ स्लॉट नकोत रे. मला तिसऱ्या भांडणात करायला काहीतरी पाहिजे होतं. रात्री तू त्रास देत नाहीस, म्हणून रात्रीच्या शॉर्ट रेस्ट शोधल्या.

मधली_सुट्टी
हे महत्त्वाचं आहे. वीसपैलू, तुमचा भिडू पळवाटीतून पळत नव्हता, तुमच्या गस्तीपासून पळत होता.

हीलिंग स्पिरिटचंही हेच झालं. झानाथार्समधलं दुसऱ्या लेव्हलचं स्पेल, मिनिटभर टिकणारं. भांडण संपलं की अख्खी पार्टी त्या भूताच्या चौकोनातून आगगाडी करून जायची, दर फेरीला प्रत्येकाला एक सहा बाजूंचा फासा. दहा फेऱ्या म्हणजे माणशी सरासरी ३५ हिट पॉइंट, एका किरकोळ स्लॉटमध्ये. लोक आगगाड्या करत होते कारण भांडणानंतर अंग भरून काढायला स्वस्त उपाय हाताशी नव्हता. २०२० च्या दुरुस्तीत त्यावर मर्यादा आली. याउलट लाइफ क्लेरिकची गुडबेरी. दहा बोरं, प्रत्येकी एक हिट पॉइंट; डिसायपल ऑफ लाइफ ही त्या क्लेरिकची शक्ती लावली की प्रत्येकी चार. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, हो, चालतं. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये ४०. मग पळवाट कोणती आणि हक्क कोणता, हे शेवटी कोण ठरवतं?

दुसरी_घंटा
ज्यांची बोरं ते. माझ्या टेबलवर गुडबेरीवरून कधीच भांडण झालं नाही, कारण ती सगळ्यांच्या तोंडात जाते.

जुना_खेळिया
घंटाबाई, हे लिहून ठेवतो.

उशिरा_लतीफ, तुझी तक्रार रास्त, पण मग तीच करायची होती. शॉर्ट रेस्ट दे म्हणायला एक्सेल लागत नाही.

उशिरा_लतीफ
काका, तीनदा म्हटलं होतं. दर वेळी 'वास्तववादी' असं उत्तर मिळालं. अंधारकोठडीत तासभर कोण बसू देईल, असं.

कोकणी_कोबोल्ड
ड्रॅगन चालतो, तासभर बसणं वास्तववादी नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वीसपैलू
सगळ्यांचे आभार. काल आम्ही सगळे बसून बोललो. दुसरी_घंटा यांच्या सांगण्यावरून बाकीच्यांनाही विचारलं. क्लेरिकवालीचं म्हणणं, तिला कॉफीलॉकचं काही नाही, पण रात्री पहारा कोण देणार हा प्रश्न सुटत असेल तर उत्तमच. विझार्डवाला म्हणाला की दुसऱ्या कोणाकडे त्याच्यापेक्षा चौपट स्लॉट असतील तर तो कशाला बसेल.

ठरलं ते असं. गस्त आवरती घेतोय. दिवसातून दोन शॉर्ट रेस्ट पार्टीने जागा नीट शोधली तर मिळणारच. जागरणाचा झानाथार्सवाला नियम लागू. आणि कॅरेक्टर कॉफीलॉकच राहील, कारण झोप न येणारा जादूगार ही कल्पना मला कथेसाठी आवडलीय (त्याला झोप का येत नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते त्याला आवडणार नाही). फक्त एक हाऊस रूल: पॉइंटांतून बनवलेले जादा स्लॉट एका वेळी चारपेक्षा जास्त साठवता येणार नाहीत.

निवांत_पाटील
उत्तम तोडगा. पुढच्या सेशनचा वृत्तांत टाका.

मधली_सुट्टी
'साठवता येणार नाहीत' असं लिहिलंय. बनवून लगेच वापरले तर?

मेज आर्मर हे संरक्षणाचं स्पेल आठ तास टिकतं, पहिल्या लेव्हलचं आहे, सॉर्सररच्या यादीत आहे, आणि चिलखत न घातलेल्या कोणत्याही राजी प्राण्यावर चालतं. पहाटेच्या दोन शॉर्ट रेस्टमध्ये स्लॉट बनव, टाक, बनव, टाक. विझार्डवर एक. क्लेरिकच्या खेचरावर एक. उरलेली दोन सामानाच्या गाढवांवर.

उशिरा_लतीफ
ताई, हे इथे लिहायची काय गरज होती? व्यनि करायचा ना.

कोकणी_कोबोल्ड
गाढव राजी आहे हे कसं ठरवणार? फासा टाका.

वीसपैलू
गाढव राजी नाही. मी विचारलं त्याला. नियम क्रमांक दोन लिहायला घेतो.